मुळाक्षरे संपण्याची वाट का पाहायची?

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांपर्यंत 'फॉनिक्स'चे वर्ग पोहोचले आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलाला इंग्रजी अक्षरांची नावे पाठ करायला लावण्याऐवजी त्यांचे आवाज शिकवायचे आणि त्या आवाजांची जुळणी करून शब्द वाचायला लावायचे, ही त्यामागची कल्पना. आणि त्यासाठी पालक उन्हाळ्याच्या सुट्टीतही आनंदाने पैसे मोजतात. त्याच मुलाला मराठी वाचायला कोणत्या पद्धतीने शिकवले जाते, याची चौकशी मात्र क्वचितच कोणी करते. मराठी आपोआप येते, अशी आपली समजूत आहे. मुलांना वाचता येते का हे घरोघरी जाऊन तपासणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के आढळली. २०१८ मध्ये हे प्रमाण २०.९ टक्के होते आणि कोरोनाकाळातील बंद शाळांनंतर, २०२२ मध्ये, ते १६.३ टक्क्यांवर आले होते. महाराष्ट्राचे आकडे देशाच्या सरासरीपेक्षा बरे असतात, पण त्या बरेपणात समाधान मानावे असे काही नाही.

या अपयशाची कारणे सांगताना शिक्षकांची कमतरता, अशैक्षणिक कामे, द्विशिक्षकी शाळा, पालकांचे स्थलांतर हे सगळे सांगितले जाते आणि ते सगळे खरेच आहे. परंतु एक कारण शिकवण्याच्या क्रमातच दडलेले आहे आणि त्याला पैसा लागत नसूनही त्याकडे दुर्लक्ष होते. मराठी लिपीत वाचनाची गुरुकिल्ली स्वरचिन्हांत आणि जोडाक्षरांत आहे. आपण मात्र सगळी मुळाक्षरे संपेपर्यंत मुलाला त्या दोन्हींपासून दूर ठेवतो. उलट या पद्धतीला कंटाळलेले लोक संपूर्ण शब्द चित्रासारखा ओळखायला शिकवा असे म्हणतात, तेव्हा ते मराठीच्या व्याकरणाकडे पाठ फिरवतात. दोन्ही बाजूंनी मूल अडते ते एकाच ठिकाणी.

फॉनिक्सचा वाद मुळात इंग्रजीचा. तिथे अक्षरे २६ आणि आवाज ४० हून अधिक, एकाच अक्षराचे अनेक उच्चार आणि एकाच उच्चाराची अनेक लेखने. म्हणून एका पक्षाने म्हटले, आवाज शिकवून उपयोग नाही, मुलाला शब्द आणि गोष्टीच द्या, संदर्भावरून ते वाचेल. दुसऱ्या पक्षाने म्हटले, आवाज आणि अक्षर यांचे नाते पद्धतशीर शिकवल्याशिवाय बहुसंख्य मुले वाचत नाहीत. अमेरिकेतील राष्ट्रीय वाचन समितीच्या २००० च्या अहवालाने आणि इंग्लंडमधील २००६ च्या रोझ अहवालाने दुसऱ्या पक्षाच्या बाजूने कौल दिला. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिल्या इयत्तांतील मुलांची फॉनिक्स चाचणीही घेतली जाते. मात्र याच काळात, २००३ मध्ये, युरोपातील १३ भाषांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाअखेर फिनिश, ग्रीक किंवा जर्मन मुले ओळखीचे शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती, तर इंग्रजीत शिकणाऱ्या स्कॉटलंडमधील मुलांना त्यातले सुमारे एक तृतीयांशच जमत होते. मुले किंवा शिक्षक कमी-जास्त हुशार होते असे नाही, लेखनव्यवस्था वेगळी होती. तेव्हा इंग्रजीच्या अनुभवातून घ्यायचा तो निष्कर्ष एवढाच की लिपीचे गणित मुलाला उघड करून सांगावे लागते, ते त्याने स्वतः शोधून काढावे अशी अपेक्षा धरू नये. बाकीचा सरंजाम, म्हणजे अक्षरांचा तिथला क्रम, न वाचता ओळखायच्या शब्दांच्या याद्या, 'आवाज का नाव' अशी चर्चा, हे मराठीत आणण्याचे कारण नाही. क या अक्षराचे नाव आणि त्याचा आवाज आपल्याकडे एकच आहे.

मराठीचे ओझे वेगळे आहे. उच्चार आणि लेखन यांत इंग्रजीइतका विसंवाद नाही, पण चिन्हांची संख्या मोठी आहे. चौतीस व्यंजने आणि प्रत्येकाची बारा रूपे धरली, तर जोडाक्षरांना हात न लावताच ४०८ आकृत्या होतात, आणि त्यांतली प्रत्येक मुलाला क्षणात ओळखता यावी लागते. वाचनाच्या अभ्यासक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या संशोधनात हेच दाखवून दिले: अक्षरांवर आधारलेल्या लिपीत चिन्हे आत्मसात करण्याचे काम पहिलीत संपत नाही, ते चौथी-पाचवीपर्यंत चालू राहते. कन्नडची लिपी दिसायला निराळी असली, तरी रचना आपल्याच जातीची आहे.

या ४०८ आकृत्या म्हणजे ४०८ निरनिराळ्या गोष्टी नव्हेत. चौतीस आणि बारा एवढेच शिकायचे असते आणि उरलेले जोडायचे असते. पण हे जोडणेच आपण सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी शिकवतो. अनेक वर्गांत पहिलीचे पहिले सत्र क कमळाचा, ख खडूचा, ग गणपतीचा यात जाते. ण आणि ळ यांच्यापाशी आल्यावर या पद्धतीची फजितीच होते, कारण त्यांनी सुरू होणारा शब्दच मिळत नाही. मग बाणातला ण आणि बाळातला ळ शोधावा लागतो. ङ आणि ञ यांच्यासाठी तर मुलाच्या आयुष्यात शब्दच नाही, तरी ते क्रमात आहेत म्हणून गिरवले जातात. त्यानंतर बाराखडी येते आणि तीही तालावर येते: क ला काना का, क ला पहिली वेलांटी कि, क ला दुसरी वेलांटी की. मूल ती न चुकता म्हणते आणि पाहुण्यांना वाटते की याला वाचता येते. याच मुलाला फळ्यावर मधूनच 'कु' दाखवावा. ते मनात 'क, का, कि, की' अशी सुरुवातीपासून पायरी चढत येते आणि मग 'कु' म्हणते. हे वाचन नाही, हे पाठांतरातून शोधणे आहे.

वर्णमालेच्या क्रमाबद्दल माझ्या मनात आदरच आहे. कंठापासून ओठांपर्यंत उच्चारस्थानांनुसार लावलेली ही मांडणी जगातील लेखनव्यवस्थांत उठून दिसते. पण ती ध्वनी समजून घेतलेल्या माणसासाठी आहे. सहा वर्षांच्या मुलापुढे क, ख, ग, घ एका ओळीत ठेवणे म्हणजे ज्यांच्या उच्चारात सर्वाधिक सारखेपणा आहे ती अक्षरे एकाच वेळी देऊन गोंधळाची सोय करणे होय. वर्णमाला दुसरीत शिकवावी, शब्दकोश पाहायला लागेल तेव्हा तिचा उपयोगही कळेल.

त्याऐवजी काय करावे हे महाराष्ट्रात कोणाला ठाऊकच नाही, असेही नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी आणि पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात नीलेश निमकर यांच्या 'क्वेस्ट' संस्थेने मराठी वाचनशिक्षणाचा विचार मराठी भाषेच्या अंगाने वर्षानुवर्षे केला आहे. तत्त्व साधे आहे. दिसायला आणि ऐकायला वेगळी असलेली, भरपूर शब्द देणारी चार-पाच अक्षरे घ्यावीत आणि त्यांच्याबरोबर पहिल्याच आठवड्यात एक स्वरचिन्ह द्यावे. र, म, क ही तीन अक्षरे आणि काना एवढ्या भांडवलावर कर, काम, काका, मामा, राम, मका हे शब्द होतात आणि 'रमा, काम कर' हे वाक्यही होते. त्यात ल मिळवला की लाल, काल, मला, कमाल. पंधरवड्याच्या आत मुलाने वाक्य वाचलेले असते, आणि मुख्य म्हणजे चिन्ह जोडले की आवाज बदलतो हा नियम त्याच्या हाती आलेला असतो. पुढच्या गटात नवी अक्षरे आणि दुसरी वेलांटी आली, तर मागची अक्षरेही त्या वेलांटीने नवी होतात. एका चिन्हाने इतका लाभ होत असताना ते चिन्ह सहा महिने लपवून ठेवण्याचे प्रयोजन काय?

आता शब्द ओळखण्याच्या पद्धतीकडे वळू. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत अक्षरपद्धती, शब्दपद्धती आणि वाक्यपद्धती अशी विभागणी असते, आणि पुढच्या दोन पद्धती अधिक आधुनिक, अधिक बालस्नेही मानल्या जातात. चित्राखाली 'घर' लिहायचे, मुलाने ते वारंवार पाहायचे आणि एक दिवस चित्र काढून घेतले तरी 'घर' म्हणायचे. काही शब्दांपुरते हे जमते, स्वतःचे नाव तर मूल असेच ओळखते. परंतु मराठी मजकुरात 'घर' हा शब्द त्या रूपात किती वेळा भेटतो? भेटतात ते घरी, घरात, घरून, घराला, घरातला, घरासमोरच्या, घरातल्यांना. हिंदीत 'घर के सामने के पेड़ पर' असे सहा सुटे शब्द असतात आणि त्यांतले के, पर हे पुन्हा पुन्हा तेच येतात, त्यामुळे ते डोळ्यांच्या ओळखीचे होतात. मराठीत 'घरासमोरच्या झाडावर' हे दोनच शब्द, पण त्यांचा आकार त्याच मुलाने पूर्वी कधी पाहिलेला असेलच असे नाही. शिवाय विभक्ती प्रत्यय लागताना मूळ शब्दही जागचा हलतो. फूल असते ते फुलांचे होते, पाऊस पावसात जातो, कापसाचा कापूस ओळखायचा तर ऊकार गेलेला चालवून घ्यावा लागतो. ज्याने 'फूल' हे चित्र म्हणून लक्षात ठेवले त्याच्यासाठी 'फुलांना' ही एक नवी आकृती आहे; ज्याला फ, उकार, ल, काना आणि अनुस्वार वाचता येतात त्याच्यासाठी ती ओळखीच्या भागांची नवी जुळणी आहे. मराठी ही प्रत्यय चिकटवून लिहिणारी भाषा असल्यामुळे तिच्यात शब्दांची यादी पाठ करून वाचक होता येत नाही, आणि हा मुद्दा मला सगळ्या वादात सर्वांत निर्णायक वाटतो.

याच व्याकरणातून जोडाक्षरांचाही प्रश्न उभा राहतो. 'जोडाक्षरविरहित' मजकूर म्हणून जो पहिलीत दिला जातो, तो वाचून पाहावा: कमल पटकन नळ बघ, छगन घर बघ. असे मराठी कोणी बोलत नाही. मूल घरात बोलते ते माझ्या, तुझ्या, त्याने, मोठ्याने, विळ्याने, घोड्याला. त्याच्या अंगणातला कुत्रा विभक्ती लागताच 'कुत्र्याला' होतो आणि त, र, य ही तीन व्यंजने एकावर एक येतात. आकारान्त पुल्लिंगी शब्दांचे सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना होणारे रूप, बहुधा 'या' घेते, म्हणून य चे जोडाक्षर ही मराठीत दैनंदिन गरज आहे. ते दुसरीवर ढकलले की पहिलीचे पुस्तक कृत्रिम होते, आणि कृत्रिम वाक्यांतून मूल अर्थ शोधायचे सोडून देते. काना, वेलांटी आणि मात्रा आल्या की लगेच त्या, माझ्या, मोठ्या हे शब्द वाचायला द्यावेत. रफार, रकार आणि दऱ्याखोऱ्यांतला ऱ्य मागाहून आला तरी चालेल.

आणि इथेच फॉनिक्सवाल्यांचेही थोडे ऐकून घ्यायला हवे. काही उत्साही प्रशिक्षणांत पहिलीच्या मुलाला 'क् अधिक अ' असे शिकवा असे सांगितले जाते. मला हे अनावश्यक वाटते. मराठी मुलाच्या कानाला शब्दाचे नैसर्गिक तुकडे म्हणून अक्षरे ऐकू येतात, का-म, मा-मा, पा-टी. त्याला एकटा पाय मोडलेला क् ऐकू येत नाही आणि लिपीही तो सुटा दाखवत नाही. मात्र जोडाक्षर आले की अर्ध्या व्यंजनाचा आवाज ऐकू येणे भाग पडते. 'माझ्या' वाचायचा तर झ मधला अ गळाला हे मुलाला जाणवले पाहिजे. म्हणजे ध्वनींची ती सूक्ष्म जाणीव मराठीत असायला हवीच, पण तिची वेळ अगदी सुरुवातीची नाही, जोडाक्षराची आहे.

उच्चाराशी काटेकोर इमान ठेवणाऱ्या पद्धतीला मराठीत आणखी काही ठिकाणी माघार घ्यावी लागते. 'करवत' हा शब्द लिहिल्याप्रमाणे क-र-व-त असा म्हटला तर तो कोणाच्या ओळखीचा नाही. बोलताना र आणि त यांचे अ गळतात. चाकातला च आणि चिमणीतला च एकसारखे उच्चारले जात नाहीत. ज, झ यांचेही तसेच. श आणि ष यांत बोलताना फरक करणारे फार थोडे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचे नियम तर बोलण्यापेक्षा लेखनाशी अधिक निगडित आहेत. यावर उपाय नवा नियम शिकवणे हा नाही. मूल 'क-र-व-त' असे म्हणते, क्षणभर थांबते आणि मग त्याच्या कानातला 'करवत' त्याला सापडतो. हा सापडण्याचा क्षण तेव्हाच येतो जेव्हा तो शब्द आधीच त्याच्या कानांत असतो.

म्हणून बोलीचा प्रश्न वाचनाच्या पद्धतीपासून तोडता येत नाही. वऱ्हाडातले मूल डोळ्याला 'डोया' म्हणत असेल, अनेक घरांत पाण्याला 'पानी' म्हणत असतील, आणि मेळघाटातल्या मुलाची घरची भाषा कोरकू असेल, तर अक्षरावरून आवाज आणि आवाजावरून शब्द हा पूल त्यांच्यासाठी एका बाजूने लटकता राहतो. 'डोळा' हे वाचून मूल 'डोया' म्हणाले तर त्याने शब्द ओळखला आहे, वाचन झाले आहे; तिथे त्याला चूक म्हणून थांबवणारा शिक्षक उच्चार सुधारत असतो, पण वाचन मोडत असतो. कोरकू किंवा भिली बोलणाऱ्या मुलाला मात्र लिपीच्या आधी आणि लिपीबरोबर मराठीच द्यावी लागते, गाण्यांतून, गोष्टींतून, गप्पांतून. नाहीतर ते सगळे वाचेल आणि त्यातले काहीच समजणार नाही.

अर्थावर भर देणाऱ्या मंडळींचा आक्षेप इथे विचारात घ्यावाच लागतो. वाचन म्हणजे अक्षरांचे उच्चार नव्हेत, मुलाला पुस्तक हवेहवेसे वाटले पाहिजे, असे ते म्हणतात आणि त्यात खोटे काही नाही. बोर्डी आणि कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षण मुलाच्या परिसरातून, त्याच्या हातांतल्या वस्तूंतून उभे केले, ती परंपरा आपलीच आहे. वाडा आणि कर्नाटकातील यादगीर येथे पहिली ते तिसरीच्या मुलांचा पाठपुरावा करून भारतीय भाषांतील वाचनशिक्षणाचा जो अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये ज्याचा अहवाल आला, त्यानेही लिपी आणि अर्थ या दोन्ही कामांना रोज वेळ देण्याचाच आग्रह धरला. माझा मतभेद एवढाच की गोष्टींच्या सहवासात लिपी आपसूक उमगेल हे गृहीतक ज्यांच्या घरी पुस्तके आहेत त्यांच्याच बाबतीत थोडेफार खरे ठरते. ज्या घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि वीजबिल, तिथल्या मुलाला शाळेने दिवसातून अर्धा तास लिपी नेटाने शिकवली नाही, तर दुसरे कोणीही शिकवणार नाही. शिक्षकाने रोज एक गोष्ट मोठ्याने वाचून दाखवावी, तिच्यावर मुलांना बोलू द्यावे. पण त्या गोष्टीने अक्षरांच्या तासाची जागा घेऊ नये.

'आम्ही मुळाक्षरे घोकूनच शिकलो, आमचे काय बिघडले?' हा दुसऱ्या टोकाचा आक्षेप. असे विचारणारे लोक वाचू लागले होते, म्हणूनच ते आज हा प्रश्न लिहून विचारू शकतात. त्यांच्या वर्गातली जी मुले चौथीआधी शाळा सोडून गेली, त्यांना कोणी विचारायला जात नाही. शिक्षण हक्काचा कायदा २०१० मध्ये लागू झाल्यानंतर ती मुले आता वर्गात बसलेली आहेत आणि जुनी पद्धत त्यांच्यासाठी पुरेशी नव्हती, हे प्रत्येक पाहणीत दिसते आहे.

शासनाच्या बाजूने पाहिले तर उद्दिष्टांची कमतरता नाही. २०२१ च्या निपुण भारत अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलाला अर्थासह वाचता यावे यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली आणि दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीत किमान ६० शब्द असे लक्ष्य ठेवले. 'घर के सामने के पेड़ पर' आणि 'घरासमोरच्या झाडावर' यांना एकाच मोजपट्टीने मोजल्यास मराठी मूल संथ ठरणारच. २०२२ च्या पायाभूत अध्ययन सर्वेक्षणात भाषानिहाय निकष लावण्याचा प्रयत्न झाला ही चांगली गोष्ट आहे, तरी शिक्षकांच्या तोंडी राहिला तो शब्दांचा एकच आकडा. त्यात १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून तिसरी भाषा आणली, विरोध झाला, २९ जूनला संबंधित निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्या संपूर्ण गदारोळात, मराठी शाळेतले मूल मराठी कधी वाचू लागते आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेचे वाचन त्यानंतर किती अंतराने सुरू करावे, हा प्रश्न दोन्ही बाजूंकडून क्वचितच ऐकू आला. २००० पासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहेच. इंग्रजी बोलणे, ऐकणे खुशाल पहिलीपासून असावे. पण इंग्रजी लिपीचे फॉनिक्स मराठीत वाक्य वाचता येऊ लागेपर्यंत थांबवले तर मुलाचे काही नुकसान होत नाही. एका लिपीत चिन्हांवरून आवाज काढण्याची युक्ती ज्याला साधली, त्याला दुसऱ्या लिपीत ती पुन्हा मुळापासून शिकावी लागत नाही.

बदल कुठून सुरू करायचा, याचे माझे उत्तर तपासणीपासून हे आहे, कारण शाळेत जे तपासले जाते तेच शिकवले जाते. केंद्रप्रमुख किंवा विस्तार अधिकारी पहिलीच्या वर्गात आले की मुले एका सुरात बाराखडी म्हणून दाखवतात आणि शेरा चांगला मिळतो. त्याऐवजी त्यांनी क्रम मोडून वीस आकृत्या दाखवाव्यात, मुलाने कधी न पाहिलेले पण वाचता येण्याजोगे 'मुकी', 'रेला', 'काल्या' असे शब्द द्यावेत आणि शेवटी पाठ्यपुस्तकाबाहेरच्या चार ओळी वाचून त्याबद्दल दोन प्रश्न विचारावेत. मुलामागे पाच मिनिटे पुरतात. पाठ्यपुस्तकातील अक्षरगटांचा क्रम, डी.एल.एड. या शिक्षक पदविकेच्या विद्यार्थ्यांना मिळणारे प्रशिक्षण आणि पहिली-दुसरीचे मिश्र वर्ग चालवण्याची रीत या गोष्टी बदलायला वेळ लागेल आणि त्यासाठी पुण्याच्या बालभारतीपासून जिल्ह्याच्या डाएटपर्यंत, म्हणजे शिक्षक प्रशिक्षण संस्थेपर्यंत, सगळ्यांना एकत्र बसावे लागेल. तपासणीचा नमुना मात्र एका परिपत्रकाने येत्या जूनपासून बदलता येतो, आणि तो बदलला की बाराखडीचा सूर लावून घेण्यात जाणारा वेळ कशासाठी वापरायचा हे शिक्षकांना वेगळे सांगावे लागणार नाही.